बहिरी अंडी

नगरभवनाच्या सभागृहात त्या सकाळी तीनशे माणसे बसली होती आणि जवळजवळ प्रत्येकाच्या मांडीवर बदकाची अंडी होती. कुणी ती लोकरीच्या मोज्यात घालून आणली होती, कुणी उशीच्या अभ्र्यात; एका निवृत्त न्यायाधीशांनी तर स्वतःची कानटोपी काढून एका अंड्याला घातली होती आणि स्वतः उघड्या डोक्याने कुडकुडत बसले होते. कुणाला शिंक येऊ लागली की तो तोंड दाबून बाहेर धावे, कारण शिंकेने अंडे दचकते आणि दचकलेल्या अंड्यातले पिल्लू जन्मभर पाण्याला भिते, असे आदल्या दिवशी व्यासपीठावरून जाहीर झाले होते. हे सारे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे, आणि माझ्या डोळ्यांवर शंका घेण्याची या गावात कुणाची छाती नाही.

व्यासपीठावर, न्हाव्याने श्रद्धेपोटी दुकानातून उपटून आणलेल्या फिरत्या खुर्चीत, हुंकारबाबा विराजमान होते. अंगात पायघोळ झगा, दोन्ही कानांत कापूस. टोपलीतली अंडी ते एका मुठीत तीन अशी उचलत, त्यांतले एक तळहातावर घेऊन क्षणभर तोलत, डोळे मिटत आणि बेंबीपासून घुमत येणारा एक लांबलचक हुंकार काढत. मग निकाल.

"ऐकतं."

ते अंडे उजवीकडच्या ट्रेमध्ये जाई. पुढच्यावर पुन्हा हुंकार, आणि बाबा दुःखाने मान हलवत.

"बहिरं."

ते डावीकडे.

शास्त्र असे होते की ऐकणाऱ्या अंड्यातल्या गर्भाला हुंकाराने बळ चढते आणि अठ्ठाविसाव्या दिवशी तो टरफल फोडून बाहेर येतो. बहिऱ्या अंड्यातल्या गर्भाला मात्र आपण गर्भ आहोत हेच कळत नाही, कारण तसे त्याला कितीही सांगितले तरी ते त्याच्यापर्यंत पोचत नाही. हुंकार सात भिंती भेदून जातो, असेही बाबांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. कानांतला कापूस बहिऱ्या अंड्यांच्या आक्रोशापासून स्वतःला वाचवण्यासाठी होता. बहिरी अंडी 'उपचारासाठी' नेण्याची सेवा बेकरीवाल्याने आपण होऊन पत्करली होती. रोज दुपारी त्याची हातगाडी दाराशी उभी असे.

हसू येते ना? मलाही येत होते. परंतु चमत्कार खरा ठरत होता, तिथे हसून भागत नव्हते.

आमच्या गावात दर दुसऱ्या घरी बदके आहेत आणि सर्वांची अंडी उबवायला आमच्या केंद्रात येतात. पूर्वी शंभर अंडी यंत्रात ठेवली की बासष्ट-त्रेसष्ट पिल्ले निघत. बाबांनी निवडून दिलेली अंडी ठेवू लागल्यावर साठ अंड्यांतून एकावन्न पिल्ले निघू लागली, आणि तीही टणक, एकसारखी, अंगाने भरलेली. ही नोंद आमच्याच भिंतीवरच्या फळ्यावर होती. आमच्याच खडूने आमच्याविरुद्ध साक्ष दिली होती.

आता आमच्या घराविषयी सांगते. हे केंद्र माझ्या सासूबाईंनी उभे केले आणि मी वाढवले. घरात आमचे हे आहेत; लग्नाला त्रेपन्न वर्षे झाली आणि त्यांनी या काळात मोजून सहा वेळा माझे म्हणणे खोडले असेल. थोरला मुलगा व्यवहार पाहतो. धाकटा जहाजावर नोकरीला आहे, वर्षातून दोन महिने घरी असतो. त्याची बायको, म्हणजे माझी धाकटी सून, गेली नऊ वर्षे उबवणीची खोली सांभाळते. अंडी फिरवणे, दिव्यावर धरून आतला गर्भ पाहणे, यंत्राची उष्णता राखणे हे सारे तिच्याकडे. तिला मूल नाही. या विषयावर घरात कुणी चकार शब्द काढायचा नाही, ही माझी आज्ञा होती.

माझी दुसरीही एक आज्ञा होती आणि ती मात्र शहाणपणाची नव्हती: बदकांचे वय लिहायचे नाही, सांगायचे नाही, विचारायचे नाही. आमच्या तीन शेड. पहिलीत नुकतीच अंडी घालू लागलेली कोवळी बदके, मधलीत सव्वा वर्षाची, आणि शेवटच्या शेडमध्ये माझा जुना, लाडका कळप. त्याला मी 'ज्येष्ठ मंडळ' म्हणत असे. त्यांची अंडी नव्वद ग्रॅमच्या वर भरत. पाहुणा आला की मी त्याच्या हातावर तसले एक अंडे ठेवी आणि तो "वा" म्हणेपर्यंत हात मागे घेऊ देत नसे. तिन्ही शेडची अंडी एकाच टोपलीत पडत. आमचे पाहून गावानेही तेच सुरू केले. बाईला आणि बदकाला वय विचारू नये, हा आमच्या गावचा शिष्टाचारच होऊन बसला. यामागे माझे स्वतःचे एक कारण होते. ते पुढे उघडे पडलेच, तेव्हा आत्ता घाई नको.

आम्हीही शंभर अंडी घेऊन बाबांपुढे जावे, असा हट्ट थोरल्याने धरला. मी गेले ते तमाशा पाहायला. बाबांनी एकेक अंडे तोलले, शंभर वेळा हुंकार दिला आणि त्यांतली एकाहत्तर अंडी डावीकडे टाकली. सभागृहात कुजबुज उठली. एवढा बहिरेपणा आजवर एकाही घरात निघाला नव्हता. बेकरीवाला तर उभाच राहिला आणि हे असे का, म्हणून हात जोडून विचारू लागला.

बाबांनी खुर्ची एकदा गोल फिरवली आणि थेट आमच्या रांगेसमोर थांबवली.

"ही अंडी बहिरी जन्मली नाहीत, बहिरी केली गेली. रोज ती फिरवणारा जो हात आहे, त्या हाताने घरचा पाळणा कधी हलवलाय का? नाही ना? मग रिकाम्या कुशीचा हात अंड्याला काय ऐकवणार?"

तीनशे माथी एकदम वळली. धाकटी माझ्या शेजारी बसली होती. तिने मान खाली घातली नाही. डावीकडच्या ट्रेकडे टक लावून पाहत राहिली. तेव्हा मला वाटले, बिचारी थिजली. ती मोजत होती हे मला पुढे कळले.

चार दिवसांत गावातल्या निम्म्या घरांनी आमच्याकडे अंडी पाठवणे थांबवले. शिंपीणबाई तेवढ्या नेमाने येत राहिल्या, पण त्याही दारातच टोपली ठेवून विचारत, आज फिरवायला कोण आहे? शेवटी थोरला माझ्यासमोर उभा राहिला आणि भिंतीकडे पाहत म्हणाला, "आई, धाकटीने महिनाभर माहेरी जाऊन यावं. मला काही पटलेलं नाहीये यातलं. पण लोकांचं तोंड कोण धरणार?"

मी त्याला म्हटले की लोकांचे तोंड धरता येत नसेल तर निदान स्वतःचे मिटावे. तो गेला. पण मीही 'नाही, ती जाणार नाही' असे म्हटले नव्हते. हे त्याच्या ध्यानात आले असेल. धाकटीच्याही आले.

सकाळी तिने मला उबवणीच्या खोलीत बोलावले, खिडकी झाकली आणि दिवा लावला. सातव्या दिवसाची तीन अंडी काढून एकेक दिव्याच्या भोकावर धरू लागली.

"आई, हे पहिल्या शेडचं. सात महिन्यांची पोर आहे ती. अंडं लहान, टरफल जाड, आत बलक थोडा. गर्भ आहे, पण बघा केवढासा."

लालसर उजेडात कोळ्याएवढा एक जीव हलला.

"हे मधलीचं. सव्वा वर्षाची. बलकाची शिदोरी भरपूर, टरफल बेताचं. गर्भ बघा कसा हातपाय पसरून बसलाय." मग तिसरे अंडे. ते तिच्या मुठीत मावेना. "आणि हे आपल्या ज्येष्ठ मंडळाचं."

आत रक्ताचे एक बारीक कडे होते आणि बाकी काही नव्हते. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच मेलेल्या गर्भाची ती खूण, हे मला कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

"टरफल पातळ, आतला पांढरा बलक पाण्यासारखा. यंत्रात सुकत जातं. अंडं मोठं झालं म्हणून गर्भ दणकट होत नाही, आई. दहातली चार-पाच अशीच जातात. आणि हे बघा." तिने अंडे उलटे केले. बुडाशी पेन्सिलीची तीन बारीक टिंबे होती. माझी आज्ञा मोडून ती गेली कित्येक वर्षे कोवळ्या शेडला एक टिंब, मधलीला दोन आणि जुनीला तीन देत आली होती. "बाबांनी उजवीकडे ठेवलेली सगळी दोन टिंबांची. डावीकडची एकतर एक टिंबाची, नाहीतर तीन."

"सगळी?"

"चार चुकली. तेवढी माझीही चुकतात."

मी खुर्चीवर बसले. हुंकाराचा काही संबंधच नव्हता. बाबा हुंकार देण्याआधीच अंडे हातात तोलत होते: फार हलके नको, फार जड नको. अशी निवडून उरलेली अंडी कोणीही उबवली असती तरी चांगलीच उबली असती. गावाची सारी अंडी सरमिसळ होती, म्हणून तर निवडायला एवढा वाव होता. आणि शंभरातून बासष्ट पिल्ले येत होती तिथे आता चाळीस टाकून एकावन्न येत होती, हे कुणी पाहिलेच नाही. यंत्रात किती ठेवली तेवढेच सगळे पाहत होते, बेकरीच्या गाडीवर किती गेली हे पाहत नव्हते.

"मग हे सांग त्यांना," मी म्हटले.

"सांगायचं तर बदकांची वयं सांगावी लागतील. ज्येष्ठ मंडळ साडेतीन वर्षांचं आहे, हे भर सभेत सांगावं लागेल. आणि माझं कोण ऐकणार, आई? त्यापेक्षा बहिरी अंडी ऐकतील."

मी काय उत्तर दिले असेल? मी म्हटले, "बघू." सत्तेवर असलेल्या माणसाच्या तोंडचा याहून भेकड शब्द आपल्या भाषेत नाही.

तिने पिशवी भरली. जाताना पेन्सिलीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. अंडी दुपारी फिरवायची आहेत एवढेच म्हणाली. मी ट्रेसमोर उभी राहिले आणि कित्येक वर्षांनी स्वतः अंडी फिरवू लागले. बोटांना लय सापडली तशी सासूबाईंचा आवाज आठवला. दुसरा हंगाम संपला की त्या बदके बदलत. म्हणत, "अंडं डोळ्यांत भरायला लागलं की आई थकली समज." मी तेव्हा ऐकले नव्हते. माझ्या पहिल्या जुन्या कळपाची अंडीसुद्धा अशीच कवचात मेली होती, आणि ती फिरवणारा हात माझा होता. चार पाळणे हलवलेला हात.

म्हणजे मला ठाऊक होते. पहिल्यापासून ठाऊक होते.

मी अंगणात गेले तेव्हा धाकटी फाटकाची कडी काढत होती.

"पिशवी खाली ठेव," मी म्हटले. "औषधवाल्याकडून पावडरीचे बारा रिकामे डबे माग. एकसारखे पाहिजेत. माझं नाव सांग."

डबे माझे, बाकी सारी करामत तिची. प्रत्येक डब्यात एक अंडे बसवून तिने भोवती भुसा आणि वाळू अशी भरली की औषधवाल्याच्या काट्यावर बाराही डबे सारखेच भरले. नऊ अंड्यांवर तिची टिंबे होती. उरलेली तीन तिने आधी चुलीवर ठेवून दहा मिनिटे उकडली.

दुसऱ्या दिवशी मी नगरभवनात गेले ती थेट व्यासपीठावर. तिथे दुसरी खुर्ची नव्हती. मी न्हाव्याच्या खुर्चीकडे नुसते पाहिले आणि बाबा उठून उभे राहिले. मग आपण का उठलो हे त्यांचे त्यांनाच कळेना; पण तोवर मी बसले होते.

मी सभेला सांगितले की आमच्या घराला झालेला बोल मान्य आहे, फक्त खात्री हवी. या बारा डब्यांत बारा अंडी आहेत. बाबांनी कुठली ऐकतात आणि कुठली बहिरी ते सांगावे. डबे मात्र उघडायचे नाहीत.

बाबांनी एक डबा उचलला, तोलला, खाली ठेवला. दुसरा उचलला. पहिल्यांदाच त्यांचा हुंकार मध्ये फुटला. पत्र्याने नाद अडतो, असे ते म्हणाले.

"सात भिंती भेदणारा हुंकार, आणि पावडरीच्या डब्याला थबकतो?" मी विचारले. "तसं असेल तर तसं सांगा. आम्ही भिंती पत्र्याच्या करून घेऊ."

मागच्या रांगेत कुणीतरी फस्सकन हसले. बाबांपुढे वाट उरली नाही. त्यांनी घाम पुसत बारा हुंकार दिले. सात अंडी ऐकणारी ठरली, पाच बहिरी. धाकटीने एकेक डबा उघडून सर्वांना दिसेल असे अंडे वर धरले. ऐकणाऱ्या सातांत एक टिंबाची दोन होती, दोन टिंबांची दोन आणि तीन टिंबांचे एक. उरली दोन. त्यांवर टिंब नव्हते.

तिने त्यांतले एक खाली पहिल्या रांगेत आमच्या ह्यांच्या हातात दिले. ह्यांनी ते खुर्चीच्या दांड्यावर आपटले, शांतपणे सोलले, खिशातून मिठाची पुडी काढली आणि खाल्ले.

ह्यांचे चावणे शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येत होते.

"हे फारच छान ऐकत होतं," हे म्हणाले.

त्यानंतर जो हशा पिकला त्यात किती अंडी मांडीवरून घरंगळली याची गणती नाही. बेकरीवाला हात उंचावून ओरडत होता की उकडलेल्या अंड्यालाही पूर्वजन्म असतो. कुणी लक्ष देईना.

पण फजिती म्हणजे उलगडा नव्हे, हे धाकटीला कळत होते. हशा ओसरू देऊन तिने शिंपीणबाईंना वर बोलावले, त्यांच्या डोळ्यांवर त्यांचाच रुमाल बांधला आणि त्यांना तीन अंडी हाताळायला दिली: हे हलके, हे बेताचे, हे जड. "बेताचं लागलं की 'ऐकतं' म्हणायचं. बाकी सगळी बहिरी." मग साधी उघडी अंडी एकेक करून त्यांच्या हातात ठेवली. शिंपीणबाईंनी वीस अंडी निवडली. एकच चुकले. हुंकार त्यांना येत नव्हता, म्हणून त्या प्रत्येक अंड्याला हलकेच खोकत होत्या.

"बाबांचा हात शिंपीणबाईंपेक्षाही तरबेज आहे," मी म्हटले. "एका मुठीत तीन अंडी धरणं हे ध्यानधारणेनं येत नाही. अंड्यांच्या वखारीत प्रतवारी करणारेच ते शिकतात. किती वर्षं होता?"

बाबांनी कानांतला कापूस काढला.

"अकरा," ते म्हणाले. "चार वजनांची अंडी, डोळे मिटून. तिथे मला कुणी नमस्कार केला नाही कधी."

बेकरीवाला तोवर दाराकडे सरकला होता. त्याच्या केकांना महिनाभर एवढी अंडी कुठून मिळत होती, हे न्यायाधीशमहाराजांना एकाएकी उमगले आणि त्यांनी अंड्याच्या डोक्यावरची कानटोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घातली.

मग धाकटीने सांगितले. लहान अंडे का लहान असते, कोवळ्या बदकाचा गर्भ का बारका राहतो, मोठ्या अंड्याचे टरफल का पातळ पडते. लोक ऐकत होते. परंतु शेवटी कुणीतरी विचारलेच की हे वयाचे ती कशावरून म्हणते. आजवर कुणी वय सांगितले होते का?

आता माझी पाळी होती. मी उठले.

"ज्येष्ठ मंडळ साडेतीन वर्षांचं आहे. ही अंडी मी दिमाखानं मिरवली आणि तुमच्या डोक्यात भरवलं की मोठं ते चांगलं. वय झाकायची रीत माझी. ती नसती तर या बाबांना निवडायला काही उरलंच नसतं, आणि माझ्या सुनेच्या हाताला कुणी बोल लावला नसता. तो हात या गावातला सगळ्यात जाणता हात आहे. ज्यांनी तो बोल ऐकून मान वळवली, त्यांत मीही होते. मी तिची माफी मागते."

सभेत मी आजवर कुणाची माफी मागितली नव्हती. मला वाटले आता संपले. पण आमचे हे मिठाची पुडी घडी घालत म्हणाले, "वय झाकायची रीत का, तेही सांगून टाक."

ही सातवी वेळ.

"गेली तेरा वर्षं मी एकसष्ट आहे," मी म्हटले.

कुणीही आश्चर्य व्यक्त केले नाही. हे मला सर्वांत जास्त लागले.

आता आमच्या तिन्ही शेडच्या दारांवर वय खडूने लिहिलेले असते आणि धाकटी दर महिन्याला ते बदलते. ज्येष्ठ मंडळ तळ्यावर हुंदडते. त्यांची अंडी आम्ही खातो, उबवत नाही. गावची अंडीही आता वयाप्रमाणे वेगवेगळ्या टोपल्यांतून येतात. प्रतवारीला आम्ही एक माणूस ठेवला आहे. त्याचा हात उत्तम आहे. कधीकधी सवयीने त्याच्या छातीतून घुमायला लागते, तेव्हा धाकटी यंत्रावरची नजर न काढता म्हणते, "हुंकार नको. हात चालव."

माझ्या लेकीसुनांनो, आणि तुम्ही पुरुषांनीही ऐका, कान असतील तर. चमत्कार दाखवणारा भेटला की त्याच्या पाया पडण्याआधी त्याला दोन प्रश्न विचारा. चमत्काराआधी तू काय निवडलेस? आणि जे टाकलेस ते कुठे गेले? उत्तर मिळेपर्यंत मान तुकवू नका आणि कुणा बाईच्या हाताकडे बोट तर दाखवूच नका. याला विद्वत्ता लागत नाही. पेन्सिलीचा तुकडा पुरतो. आणि जे खरे आहे ते वेळेवर बोलावे लागते. मला उशीर झाला. माझे वय चौऱ्याहत्तर आहे.